कॅप्चा कुणीही वाचू दे, पिन मात्र तुमच्याच बोटाने

वाईहून आलेलं पत्र, थोडं आटोपशीर करून:

‘ताई, माझं वय बहात्तर. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. यजमान गेल्यापासून एकटी राहते. तीन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या पडद्याचा विकार निघाला. इंजेक्शनं चालू आहेत, पण समोर बघितलं की मधोमध धुरकट डाग दिसतो. माणसाचा चेहरा दिसत नाही, दाराची चौकट दिसते. मागच्या महिन्यात मुदत ठेव पुढे चालू करायला बँकेच्या वेबसाइटवर गेले. सगळी अक्षरं फिकट. त्यात एका चौकटीतली वेडीवाकडी इंग्रजी अक्षरं, कॅप्चा म्हणतात ती, ओळखून लिहायची होती, ती तीनदा चुकली. मग ओटीपी आला, तो सापडेपर्यंत वेळ संपला. पासवर्डही चुकत गेला आणि खातं बंद पडलं. मुलगा पुण्याला असतो. त्याने सगळे व्यवहार आपल्याकडे घेतले. मुलगा चांगला आहे हो. पण आता कामाच्या बाईंच्या मुलीची फी भरायला हजार रुपये द्यायचे तर मला त्याला फोन करावा लागतो आणि तो विचारतो, ‘कशाला?’ छत्तीस वर्षं मी पोरांना अक्षरओळख करून दिली. आता मीच निरक्षर झाले. यात शिकण्यासारखं काही असेल तर सांगा. नसेल तर तसंही सांगा.’

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र पाकिटातून काढलं आणि चष्मा न लावताच वाचून काढलं. जाड काळं स्केचपेन, एका ओळीत चार-पाच शब्द, दोन ओळींत बोटभर अंतर, कागद बिनचकाकीचा. स्वतःला दिसावं म्हणून तुम्ही तसं लिहिलंत आणि ते माझ्यासाठीही सोपं झालं. तुमच्या बँकेच्या पानावर नेमकं हेच नाही. म्हणून ‘निरक्षर’ हा शब्द आधी मागे घ्या. अक्षर तुम्हाला चांगलं ठाऊक आहे, ते तुमच्यापर्यंत पोचू दिलं जात नाहीये.

वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली लहान होत जाते, आतलं भिंग पिवळसर पडतं. विशीतल्या माणसाच्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीतल्या माणसाच्या पडद्यावर पोचतो. हे निरोगी डोळ्यांचं झालं. त्यावर मोतीबिंदू असेल तर पांढऱ्या पानाचा उजेड डोळ्यांत सांडतो, काचबिंदू असेल तर कडेचं दिसेनासं होतं, आणि तुमच्यासारखा पडद्याच्या मध्यभागाचा विकार असेल तर जिथे बघावं तेच पुसलं जातं. पान बनवणारी मुलं बहुतेक पंचविशीची असतात. नव्या मोठ्या स्क्रीनवर, दिव्यांच्या उजेडात ती फिकट करडा रंग निवडतात आणि त्यांना तो सुबक दिसतो. काळ्यावर पांढरं किंवा पांढऱ्यावर काळं असेल तर उजेडाच्या फरकाचं गुणोत्तर २१ ला १ भरतं. वेबपानं सगळ्यांना वापरता यावीत यासाठी जगभर मानले जाणारे नियम सांगतात की साध्या मजकुरासाठी ते निदान साडेचारला १ हवं. पांढऱ्यावरचा फिकट करडा तीनलाही पोचत नाही. तुम्हाला ‘दिसलं नाही’ ते यामुळे.

आपल्या लिपीचं दुखणं आणखी वेगळं आहे. अक्षर थोडं अंधुक झालं की ध आणि घ सारखे दिसतात, भ आणि म एक होतात, ब च्या पोटातली रेघ पुसली जाऊन व होतो, शिरोरेघेखाली सगळं एकाच पट्ट्यासारखं दिसायला लागतं. अनुस्वाराचा टिंब तर सर्वांत आधी जातो. इंग्रजीला पुरेसा वाटणारा आकार मराठी मजकुराला पुरत नाही, कारण वर मात्रा, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षर, एवढं सगळं तेवढ्याच उंचीत बसवावं लागतं. तरी बऱ्याच मराठी पानांवर इंग्रजीचाच आकार तसाच ठेवलेला असतो. हे मला फार लागतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. शिकण्यासारखं आहे, आणि ते तुम्हाला जमेल. मी दर शनिवारी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मोबाइल शिकवते. तिथे तुमच्याच विकाराच्या दोघीजणी आहेत, त्यांच्याकडून मी जे शिकले तेच सांगते.

पहिली गोष्ट फोनची नाही, डोळ्यांची आहे. इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांना विचारा, ‘लो व्हिजन क्लिनिक कुठे आहे?’ पुण्या-मुंबईच्या मोठ्या नेत्र रुग्णालयांत ते असतं. औषधाने जेवढं व्हायचं तेवढं झाल्यावर उरलेली नजर कशी वापरायची, हे तिथे शिकवतात. तुमचा मध्यभाग धुरकट आहे, कडा शाबूत आहेत. मग अक्षराकडे थेट न बघता किंचित वर किंवा बाजूला बघायचं, म्हणजे ते अक्षर पडद्याच्या निरोगी भागावर पडतं. ऐकायला विचित्र वाटेल, पण सरावाने जमतं. आमच्या संघातल्या एक आजी मजकुराभोवती घड्याळ आहे असं समजतात आणि बाराच्या आकड्याच्या जागी बघून मधला मजकूर वाचतात. तिथेच दिव्याचं भिंग, उभं राहणारं भिंग हातात घेऊन बघता येतं. दुकानातून अंदाजाने आणू नका. आणि सरळ रेघा, दाराची चौकट, फरशीच्या रेषा अचानक वाकड्या दिसायला लागल्या तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांकडे जा.

आता फोन. अक्षरांचा आकार वाढवा, हे तुम्हाला सगळे सांगतील. तो थोडा वाढवाच, पण शेवटच्या टोकाला नेऊ नका. बँकांच्या अ‍ॅपमध्ये अक्षरं फार मोठी केली की ‘पुढे’ हे बटणच पडद्याखाली जातं आणि माणूस अडकून बसतो. त्यापेक्षा मॅग्निफिकेशन वापरा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी नावाचा भाग असतो, त्यात ते सापडेल. सुरू केलं की पडद्यावर कुठेही तीनदा टिचकी मारायची, तेवढा भाग भिंगाखाली धरल्यासारखा मोठा होतो. दोन बोटांनी सरकवायचं आणि पुन्हा तीनदा टिचकी मारली की पूर्ववत. तुमच्या विकाराला हे मानवतं. काचबिंदूच्या वाचकांनी मात्र जपून वापरावं. ज्यांना बोगद्यातून बघितल्यासारखं दिसतं त्यांना फार मोठं केलं की उलट कमीच दिसतं, त्यांना छोटी पण गडद अक्षरं बरी पडतात.

त्याच भागात रंग उलटे करायची सोय असते. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. दुपारी एकदा आणि रात्री एकदा करून बघा. काहींना त्याने डोळे निवतात, काहींना अक्षराभोवती वलय दिसतं. तुम्हाला काय मानवतं ते तुम्हीच ठरवा. काही वेबसाइटवर दोन बोटांनी मोठं करणंच बंद करून ठेवलेलं असतं. अशा वेळी क्रोम ब्राउझरच्या सेटिंगमध्ये, त्याच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या भागात, झूम सक्तीने सुरू करायची खूण असते. ती एकदा करून घ्या. मुदत ठेवीसारखं मोठं काम शक्यतो संगणकावर करा. कंट्रोलचं बटण दाबून अधिकचं चिन्ह दाबत गेलात की पान वाढत जातं. सरकारी पानांवर वरच्या कोपऱ्यात अ, अ+ अशी बटणं असतात, त्यांच्याने जेमतेम फरक पडतो. कंट्रोल आणि अधिक त्याहून दमदार आहे.

आणि कान. बाई, तुम्ही पत्रात कानांचा उल्लेखही केला नाहीत, म्हणजे ते शाबूत असावेत. अँड्रॉइडमध्ये ‘सिलेक्ट टू स्पीक’ असतं. ज्या मजकुरावर बोट ठेवाल तो मजकूर फोन वाचून दाखवतो, मराठीतही. आलेला एसएमएस, बिल, नातवाचं लांबलचक पत्र, सगळ्यावर चालतं. ‘टॉकबॅक’ नावाची दुसरी सोय आहे, ती पूर्ण अंध माणसांसाठी फार चांगली, पण ती सुरू करताच फोनची वागणूक बदलते. एका टिचकीला फक्त ऐकू येतं, उघडायला दोनदा टिचकावं लागतं. कुणी मदतीच्या भरात तुमच्या फोनवर ते सुरू करून गेलं तर तुम्ही घाबरून जाल. शेजारी बसून कुणी शिकवणार असेल तेव्हाच घ्या. संगणकासाठी एनव्हीडीए नावाचं वाचून दाखवणारं साधन मोफत आहे. दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी ते उभं केलं.

एक अडचण मात्र या आवाजांनाही सुटत नाही. बरेच शासन निर्णय, परिपत्रकं, सोसायटीच्या नोटिसा म्हणजे कागदाचे फोटो असतात. त्यात फोनला अक्षर दिसतच नाही, नुसतं चित्र दिसतं. जुन्या मराठी फॉन्टात टाइप केलेली पानं वाचायला लावली तर आवाज अगम्य काहीतरी बडबडतो. तेव्हा आपलं काही चुकलं असं समजू नका.

आता तो कॅप्चा. वेडीवाकडी अक्षरं समोर माणूसच आहे, यंत्र नाही, हे तपासायला असतात. पण दृष्टी अधू असलेला माणूस त्यात यंत्राच्या रांगेत जाऊन बसतो. वेबच्या त्याच नियमांच्या ऑक्टोबर २०२३ च्या आवृत्तीत सांगितलं आहे की लॉगिनसाठी आठवण ठेवण्याची किंवा अक्षरं उतरवून काढण्याची परीक्षा हा एकच मार्ग ठेवू नये. बँका ते पाळेपर्यंत इतकं करा. चौकटीशेजारी कर्ण्याचं चिन्ह आहे का बघा, ते दाबलं की अक्षरं ऐकू येतात. इंग्रजीत आणि मागे खरखर असते, हे खरं. शेजारी गोल बाण असेल तर तो दाबून दुसरी अक्षरं मागता येतात. आणि तेही जमलं नाही तर शेजारच्या पोराला हाक मारा. कॅप्चा गुप्त नसतो. तो कुणाकडूनही वाचून घेतला तरी तुमचा पैसा धोक्यात येत नाही. पासवर्ड, पिन आणि ओटीपी मात्र घरातल्या घरातही कुणाला सांगायचे नाहीत. या दोन गोष्टी लोक एकाच पोतडीत टाकतात आणि एकतर सगळंच लपवतात, नाहीतर सगळंच देऊन टाकतात.

ओटीपीचा वेळ संपतो, कारण तुम्ही एका अ‍ॅपमधून दुसऱ्यात जाऊन तो शोधता. एसएमएस आला की बऱ्याचदा कीबोर्डच्या वरच्या पट्टीतच तो आकडा येऊन बसतो, त्यावर टिचकी मारली की आपोआप भरला जातो. तिथे नाही आला तर ‘सिलेक्ट टू स्पीक’ने ऐका, कानात इअरफोन घालून. वेळ संपलाच तर दुसरा मागवा. त्यात कमीपणा काही नाही. वेळमर्यादा असेल तर ती संपण्याआधी माणसाला सांगावं आणि साध्या कृतीने वाढवून द्यावी, असाही नियम आहे. बँकेला तो पाळावा लागला तर सुरक्षेशी भांडण होतं हे मला मान्य आहे, पण ओटीपीची मुदत वेगळी आणि फॉर्म भरायची मुदत वेगळी. फॉर्म भरताना घाई करायचं काही कारण नसतं.

माझ्या वडिलांना काचबिंदू होता. एका वित्तसंस्थेच्या पानावर कळफलकातले आकडे दर वेळी जागा बदलायचे, चोरांना कळू नये म्हणून. त्यांना त्यातला सात कधीच सापडायचा नाही. मी शेजारी बसून म्हणायची, ‘मला सांगा, मी टाकते.’ मदत केली असं मला वाटायचं. पुढे त्यांनी पासबुकही बघायचं सोडून दिलं. त्यांनी पैशांतून अंग काढून घेतलं हे मला फार उशिरा उमगलं. म्हणून तुमच्या मुलाबद्दल मी जे लिहितेय ते त्यालाही वाचून दाखवा.

बाळा, तुझ्या आईला तू चष्मा म्हणून हवा आहेस, सही म्हणून नको. ती बसेल, तू शेजारी किंवा व्हिडिओ कॉलवर बस. पडद्यावर काय लिहिलं आहे ते वाच, बटण कुठे आहे ते सांग, टिचकी तिलाच मारू दे. चुकली तर थांब. ‘दे इकडे’ म्हणू नकोस. पासवर्ड तिलाच बदलू दे, आणि तो तुझ्या मोबाइलमध्ये ठेवू नकोस. आणि हजार रुपये कशाला, हा प्रश्न तिला विचारू नकोस. छत्तीस वर्षं घर आणि शाळा चालवलेल्या बाईला तो प्रश्न दुखतो.

बाई, तुम्ही एक करा. बँकेत दुसरं एक छोटं बचत खातं उघडा, त्यात पाच-दहा हजार ठेवा आणि यूपीआय त्यालाच जोडा. मोठी रक्कम, निवृत्तिवेतन, ठेवी यांच्या खात्याला यूपीआय जोडूच नका. म्हणजे बोट चुकलं तरी नुकसान तेवढ्यापुरतं राहतं, तुमची भीतीही आटोक्यात राहते आणि मुलाचीही. फीचे हजार रुपये त्यातून कुणालाही न विचारता जातील.

मुदत ठेवीसाठी वेबसाइटवर जायलाच हवं असंही नाही. रिझर्व्ह बँकेने ९ नोव्हेंबर २०१७ रोजी बँकांना सांगितलं आहे की सत्तरीच्या पुढच्या आणि दिव्यांग ग्राहकांना, दृष्टी अधू असलेल्यांनाही, घरपोच सेवा द्यावी. रोख पोचवणं, केवायसीचे कागद आणि हयातीचा दाखला घरी येऊन नेणं त्यात येतं. तुमचं वय बहात्तर आहे. शाखेत जाऊन हे मागा, आणि ‘आमच्याकडे नाही’ म्हणाले तर ते लिहून द्या म्हणावं.

नोव्हेंबरातला हयातीचा दाखला तुम्हाला आठवला असेलच. फोनवर चेहरा दाखवून देण्याची सोय आहे, पण त्यात डोळे मिचकावायला लागू शकतात, चेहरा चौकटीत बसवावा लागतो. जमलं तर छान. नाही जमलं तर बँकेत सही करायचा मार्ग खुला आहे, आणि इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचा पोस्टमन घरी येऊन, थोडं शुल्क घेऊन, बोटाच्या ठशावर दाखला करून देतो. पोस्टमन तुमच्या ओळखीचाच असेल.

या मिचकावण्यावरूनच मोठा निकाल लागला आहे. डोळ्यांना इजा झालेल्या अ‍ॅसिडहल्ल्यातल्या पीडितांना आणि एका अंध याचिकाकर्त्याला डिजिटल केवायसी करता येईना, म्हणून ते सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे असं म्हटलं आणि वीस निर्देश दिले. जिवंत असण्याच्या खात्रीसाठी मिचकावण्याशिवाय दुसरे मार्गही हवेत, हा त्यातला एक. त्याआधी, ८ नोव्हेंबर २०२४ रोजी, याच न्यायालयाने सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांनाही सगळं वापरता यावं यासाठीचे, नियम नुसते शिफारशीसारखे ठेवता येणार नाहीत, बंधनकारक हवेत, असं सरकारला सांगितलं होतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ पेक्षा कमी असेल तर ती अल्पदृष्टी धरली जाते. तुमच्या डॉक्टरांना आकडा विचारा. त्यात बसत असाल तर जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढून ठेवा. ‘मी काही अपंग नाही’ असं मनात येईल, माझे वडीलही तेच म्हणायचे. पण तो कागद हातात असला की शाखेतला माणूस वेगळं ऐकतो.

त्याच जोरावर बँकेला पत्र लिहा. ‘तुमची वेबसाइट वाईट आहे’ असं लिहू नका, ते फाइलला लागतं आणि विसरलं जातं. तुम्ही मुख्याध्यापिका होता, तपासनीसाला लिहायचात तसं लिहा. कोणत्या तारखेला, कोणत्या पानावर, कोणत्या पायरीला काय झालं. अक्षरांचा रंग फिकट, कॅप्चाला आवाजाचा पर्याय नाही किंवा आहे पण कळत नाही, वेळ संपण्याआधी सूचना आली नाही. खाली मागणी लिहा, एक-दोनच. पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, आणि ती कागदावर लिहून टपालानेही पाठवता येते. स्केचपेनने लिहा. त्या पत्राचं अक्षरच पुरेसं बोलेल.

एक सावधगिरी सांगायचीच राहिली होती. नजर अधू असली की माणूस फोनवरच्या गोड आवाजावर जास्त विसंबतो आणि ठगांना ते माहीत असतं. ‘तुमचं केवायसी आज बंद होणार’ म्हणून कुणी फोन केला आणि पडदा दाखवणारं अ‍ॅप टाकायला सांगितलं, तर काही न बोलता फोन ठेवा. बँकेचा नंबर गुगलवर शोधू नका, सुरुवातीलाच खोटे नंबर असू शकतात. पासबुकावरचा किंवा कार्डामागचा नंबर मुलाकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेऊन कॅलेंडरशेजारी भिंतीला लावा. त्याखाली १९३० हा सायबर तक्रारीचा आणि १४५६७ हा ज्येष्ठांच्या मदतीचा.

मुंबईला जाणं झालं तर सेंट झेवियर्स कॉलेजातल्या झेवियर्स रिसोर्स सेंटर फॉर द व्हिज्युअली चॅलेंज्डमध्ये डोकावून या. अधू नजरेच्या माणसांना फोन आणि संगणक वापरता यावा यासाठी तिथली माणसं बरीच वर्षं झटतात.

सुरुवात या रविवारी करा, मुलगा येईल तेव्हा. पहिल्या दिवशी फक्त तीन टिचक्यांचं भिंग. दुसऱ्या रविवारी वाचून दाखवणारा आवाज. तिसऱ्या रविवारी छोट्या खात्यातून दहा रुपये मुलाला पाठवा आणि त्याच्याकडून परत घ्या. चौथ्या वेळी तो नसताना फीचे हजार रुपये पाठवा.

हे उत्तर छापून येईल त्याच्या आधी मी तुमच्यासाठी ते वेगळं छापलं आहे. जाड ठळक अक्षर, दोन ओळींत बोटभर अंतर, बिनचकाकीचा पिवळसर कागद. सव्वीस पानं झाली. आज स्पीड पोस्टाने टाकते आहे. अक्षर आणखी मोठं हवं असेल तर कळवा.